एका सीमेचे दोन हप्ते : मूलभूत उत्पन्नाची कसोटी आणि बेळगाव-निपाणी परिसर

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न या कल्पनेचा गाभा असा की, शासनाने आपल्या हद्दीतील प्रत्येक व्यक्तीला, ती गरीब आहे की सधन, कामावर जाते की घरी बसते, याची चौकशी न करता ठरावीक मुदतीने ठरावीक रोख रक्कम द्यावी. या विषयाचे अभ्यासक तिच्या पाच कसोट्या मानतात : रक्कम रोख असावी, ती नियमित मिळावी, कुटुंबाला न मिळता व्यक्तीला मिळावी, सर्वांना मिळावी आणि तिच्यावर कामाची किंवा खर्चाची कोणतीही अट नसावी. या पाचही कसोट्यांना पूर्णपणे उतरणारी योजना भारतात आजवर कोणत्याही राज्याने राबवलेली नाही. परंतु यांपैकी दोन किंवा तीन कसोट्या पाळणाऱ्या रोख योजना गेल्या काही वर्षांत इतक्या वाढल्या आहेत की, हा प्रश्न आता केवळ अर्थशास्त्राच्या ग्रंथांतला राहिलेला नाही. त्याचा आढावा घेण्यासाठी बेळगाव आणि निपाणीचा सीमाभाग विशेष सोयीचा ठरतो, कारण एकच भाषा, एकच पीकपद्धती आणि एकमेकांत गुंतलेली सोयरीक असलेल्या या पट्ट्यात दोन राज्यांच्या दोन वेगवेगळ्या रोख योजना शेजारीशेजारी चालू आहेत.

निपाणी शहर कर्नाटकात आहे, तर शहराला लागूनच असलेले अर्जुननगर, जेथे निपाणीकरांच्या पिढ्या ज्या देवचंद महाविद्यालयात शिकल्या ते उभे आहे, महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात मोडते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव-निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने दोन राज्यांतला सीमावाद मिटला नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादाची राजकीय बाजू हा येथील विषय नव्हे. येथे महत्त्वाचे इतकेच की, रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या बाईला सरकारकडून किती पैसे मिळावेत आणि पलीकडे राहणाऱ्या बाईला किती, हे तिच्या गरजेवर अवलंबून नसून तिचे रेशनकार्ड कोणत्या राज्याचे आहे यावर अवलंबून आहे.

गरिबीवर रोख रक्कम हा उपाय की काम हा उपाय, ही चर्चा मराठी मुलखाला नवी नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दररोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही गरिबीची सीमा धरून, गरिबांना किमान जीवनमान मिळवून द्यायचे असेल तर सार्वजनिक कामे काढून रोजगार द्यावा, अशी मांडणी केली होती. त्याआधीच सांगली जिल्ह्यातील विसापूरचे आणि विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेला व्यापक रूप आले आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. या कायद्यासाठी लागणारा पैसा शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांवर लावलेल्या व्यवसायकरातून उभा केला गेला, ही गोष्ट आज रोख योजनांच्या खर्चाविषयी बोलताना फारशी कोणी आठवत नाही. सीमेपासून थोड्याच अंतरावर झालेला तो प्रयोग पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचा पूर्वज ठरला. लहानशा तालुक्यात नीट करून पाहिलेली गोष्ट देशाचा कायदा होऊ शकते, याचा हा जवळचा पुरावा आहे.

तथापि, कामाची हमी आणि उत्पन्नाची हमी यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो निपाणीच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. निपाणीची गरिबी ही काम नसल्याची गरिबी कधीच नव्हती. तेथे काम भरपूर होते, पण त्या कामाच्या अटी ठरवण्याची ताकद काम करणाऱ्यांकडे नव्हती. तंबाखूच्या वखारींत धुरळ्यात बसून तंबाखू चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या हजारो स्त्रिया, घरी बसून हजारी हिशेबावर विड्या वळणाऱ्या स्त्रिया आणि व्यापाऱ्याकडून उचल घेऊन त्यालाच माल घालणारे छोटे शेतकरी या तिन्ही गटांची अडचण एकच होती : आजचा दर पटला नाही म्हणून उद्यापर्यंत थांबणे त्यांना परवडत नव्हते. वखारींतील स्त्रियांनी संघटित होऊन केलेला संप दीपा धनराज यांच्या युगांतर या गटाने १९८२ च्या ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ या माहितीपटात नोंदवून ठेवला आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. ही दोन्ही आंदोलने भाव आणि मजुरी यांसाठी होती. पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न नकार देण्याच्या क्षमतेचा होता, आणि मूलभूत उत्पन्नाच्या बाजूने करता येणारा सर्वांत भक्कम युक्तिवादही हाच आहे. हातात ठरलेल्या तारखेला येणारा थोडा पैसा असेल, तर उचल न घेता हंगाम काढता येतो, आणि उचल घेतलेली नसेल तर दराबद्दल बोलता येते.

या युक्तिवादाला भारतातील सर्वांत चांगला पुरावा मध्य प्रदेशातून मिळतो. ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या आर्थिक साहाय्याने २०११-१२ मध्ये तेथे केलेल्या प्रयोगात आठ गावांतील प्रत्येक रहिवाशाला रक्कम देण्यात आली आणि तशाच बारा गावांना तुलनेसाठी न देता ठेवण्यात आले. याखेरीज एका आदिवासी गावात रक्कम देऊन दुसऱ्याशी तुलना करण्यात आली. प्रौढ व्यक्तीला सुरुवातीस महिना २०० रुपये आणि मुलाला १०० रुपये, पुढे अनुक्रमे ३०० आणि १५० रुपये, अशी रक्कम होती. मुलांची रक्कम आईच्या हाती दिली जाई. सहा हजारांहून अधिक माणसांना ती मिळाली. रेनाना झाबवाला, गाय स्टँडिंग आणि शरत दवाला यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले आहेत. दारूवरचा खर्च वाढेल आणि लोक काम सोडतील, या दोन्ही भीती खोट्या ठरल्या. कामाच्या स्वरूपात मात्र बदल झाला, आणि तो निपाणीच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे : दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी काही माणसे स्वतःच्या तुकड्यावर अधिक राबू लागली, शेळ्या-कोंबड्या घेऊ लागली, बियाणे आणि खते वेळेवर विकत घेऊ लागली. मुलींच्या वजनात सुधारणा दिसली, शाळेतील हजेरी वाढली आणि नव्या कर्जांचे प्रमाण घटले. रक्कम अगदी लहान होती. तरीही ती दर महिन्याला येणार हे ठाऊक असल्यामुळे तिचा परिणाम आकड्याहून मोठा झाला.

परदेशांतील प्रयोगांचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे आहे. फिनलंडने २०१७-१८ मध्ये दोन हजार बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले. रोजगारात फरक किरकोळ पडला, पण मनःस्वास्थ्य आणि शासनावरील विश्वास वाढलेला आढळला. फिनलंडसारख्या देशाचा अनुभव बेळगावला जसाच्या तसा लागू होत नाही. केनियातील प्रयोग अधिक जवळचा आहे. ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने तेथील सुमारे तीनशे गावांचे गट पाडून काहींना बारा वर्षे दरमहा, काहींना दोन वर्षे दरमहा, तर काहींना दोन वर्षांची रक्कम एकाच वेळी दिली आणि शंभर गावांना तुलनेसाठी बाजूला ठेवले. २०२३ मध्ये अभिजित बॅनर्जी, तवनीत सुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार, बारा वर्षांची खात्री मिळालेले आणि एकरकमी पैसा मिळालेले लोक व्यवसायाकडे वळले. ज्यांना फक्त दोन वर्षांची हमी होती त्यांच्यात हे प्रमाण कमी राहिले. रक्कम सारखीच असूनही तिच्यामागील मुदतीने माणसांचे निर्णय बदलले. पुढच्या निवडणुकीनंतर योजना राहील की नाही, हे ठाऊक नसलेल्या भारतीय कुटुंबांच्या बाबतीत हा निष्कर्ष फार गंभीरपणे घ्यावा लागतो.

भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी मूलभूत उत्पन्नावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. माणशी वर्षाला ७६२० रुपये लोकसंख्येच्या ७५ टक्के लोकांना दिल्यास खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.९ टक्के येईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात मात्र देशाने वेगळाच मार्ग धरला. तेलंगणाने २०१८ साली ‘रयतु बंधू’ योजनेत एकरामागे पैसे द्यायला सुरुवात केली आणि केंद्राने २०१९ साली किसान सन्मान निधीतून जमीनधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६००० रुपये देणे सुरू केले. अशा योजनांची दारे जमिनीच्या नोंदीतून, किसान सन्मान निधीची सातबाऱ्यातून किंवा कर्नाटकात त्याच्या जागी असलेल्या ‘पहाणी’तून, उघडतात. निपाणीच्या वखारीत काम करणाऱ्या, शेत नसलेल्या बाईला त्यांतून एक रुपयाही मिळत नाही. खंडाने जमीन कसणाऱ्या कुटुंबालाही नाही. गरिबीच्या दृष्टीने पाहता जमिनीशी जोडलेली रोख मदत ही सर्वांत चुकीच्या टोकाकडून केलेली सुरुवात होती.

कर्नाटकाची गृहलक्ष्मी योजना हे चित्र बरेच बदलते. ऑगस्ट २०२३ पासून रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या स्त्रीच्या खात्यात दरमहा २००० रुपये जमा होऊ लागले. तिने किंवा तिच्या नवऱ्याने प्राप्तिकर भरला नसावा आणि जीएसटी विवरणपत्र दाखल केलेले नसावे, एवढीच मुख्य अट. योजनेचे खाते ज्यांच्याकडे आहे त्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्याच आमदार आहेत. लाभार्थी सव्वा कोटीच्या आसपास आणि २०२४-२५ च्या अंदाजपत्रकातील तरतूद २८,६०८ कोटी रुपयांची, म्हणजे व्याप्तीच्या दृष्टीने ही योजना सार्वत्रिकतेच्या बरीच जवळ जाते. पाच कसोट्यांपैकी ती ठळकपणे नापास होते ती व्यक्तीच्या कसोटीवर. अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार रेशनकार्डावर अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. त्यामुळे सासू आणि दोन सुना एकाच कार्डावर असतील तर पैसे सासूच्या खात्यात जातात आणि विड्या वळणाऱ्या सुनेचा त्यावर हक्क राहत नाही. कार्ड विभक्त करून घेण्याकडे कुटुंबांचा कल होतो, तो यामुळेच. पाच माणसांच्या घरात २००० रुपये म्हणजे माणशी महिना ४०० रुपये; २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण भारताचा माणशी सरासरी मासिक खर्च ४१२२ रुपये होता, हे लक्षात घेतले तर रक्कम त्या सरासरीच्या दशांशाइतकी भरते. कर्नाटकात २०२४-२५ मध्ये मनरेगाची, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीची, दैनिक मजुरी ३४९ रुपये होती. म्हणजे सरकारने दिलेला महिन्याचा हप्ता सहा दिवसांच्या मजुरीएवढाही नाही.

तरीही या रकमेचे महत्त्व कमी लेखता येत नाही. २०२४ साली रायबाग तालुक्यातील एका वृद्धेने साठवलेल्या गृहलक्ष्मीच्या पैशातून गावाला होळिगेचे, म्हणजे पुरणपोळीचे, जेवण घातल्याची बातमी कर्नाटकभर गाजली. बहुतेकांनी ती कौतुकाची गोष्ट म्हणून वाचली, काहींनी उधळपट्टी म्हणून. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे : आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून पैसा घेतलेल्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या हिशेबाने तो खर्च केला, आणि तो कशावर करायचा हे तिला कोणी विचारले नाही. मूलभूत उत्पन्नाच्या चर्चेत ‘अट नसणे’ हा शब्दप्रयोग कोरडा वाटतो; त्याचा प्रत्यक्ष अर्थ हा आहे.

सीमेपलीकडे महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर केली आणि जुलैपासून २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असलेल्या स्त्रियांना महिना १५०० रुपये देणे सुरू केले. येथे एकक कुटुंबप्रमुख नसून स्त्री आहे, म्हणून मूळ नियमांप्रमाणे सासू आणि विवाहित सून या दोघींनाही लाभ मिळू शकत होता. पुढे छाननीत एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी असल्यास वगळणे सुरू झाले. किसान सन्मानासारख्या दुसऱ्या योजनांतून एकूण महिन्याला १००० रुपये मिळणाऱ्या स्त्रीला फक्त ५०० रुपयांचा फरक दिला जातो, म्हणजे ही योजना उत्पन्नाची पायरी म्हणून नव्हे, तर इतर योजनांची बेरीज १५०० वर थांबवणारी मर्यादा म्हणून चालते. महाराष्ट्राबाहेर जन्मलेली स्त्री राज्यातील रहिवाशाशी विवाहबद्ध असेल तर नवऱ्याच्या कागदपत्रांवर ती पात्र ठरते. याचा सीमाभागात होणारा परिणाम सरळ आहे : निपाणीची लेक कागलला दिली तर ती लाडकी बहीण, आणि कागलची लेक निपाणीला आली तर तिला सासूच्या पश्चात कार्डावर प्रमुख होईपर्यंत काहीच नाही. दोघी एकाच शाळेत शिकलेल्या, एकाच हंगामात राबणाऱ्या असल्या तरी हिशेब हाच. बेळगाव जिल्ह्यातून गोव्यात कामाला गेलेल्या कुटुंबांची अवस्था आणखी अवघड; गोव्याची गृह आधार योजना २०१२ पासून गृहिणींना महिना रक्कम देते, पण तिला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. सीमाभागातील ८६५ गावांतील लोकांना महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. लाडकी बहीण मात्र तेथे लागू नाही. तेव्हा राज्याच्या हद्दीबाहेर लाभ देणे शासनाला अशक्य आहे असे म्हणता येत नाही. प्रश्न इच्छेचा आणि खर्चाचा आहे.

कर्नाटकात आणखी एक तुलना आपसूक घडून गेली आणि तिचा पुरेसा अभ्यास झाला पाहिजे. अन्नभाग्य योजनेत माणशी आणखी पाच किलो तांदूळ देण्याचे आश्वासन होते. परंतु २०२३ साली अन्न महामंडळाकडून तांदूळ न मिळाल्याने राज्याने किलोला ३४ रुपये धरून माणशी १७० रुपये खात्यात जमा करणे सुरू केले, आणि फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळच देण्यास सुरुवात केली. म्हणजे जवळपास दीड वर्ष त्याच कुटुंबांना धान्याऐवजी पैसा, आणि नंतर पैशाऐवजी धान्य मिळाले. ज्वारी-भाकरी खाणाऱ्या बेळगाव-निपाणीच्या घरांत जादा तांदळाचा काही भाग पूर्वीही विकला जाई; तेव्हा त्यांना १७० रुपये सोयीचे पडले असतील, असा अंदाज करता येतो. उलट, बाजारात भाव चढले की १७० रुपयांत पाच किलो तांदूळ येत नाही आणि तांदळाची पिशवी मात्र पाच किलोचीच राहते. धान्य आणि रोख यांपैकी एकच निवडावे, असा आग्रह मूलभूत उत्पन्नाचे काही पुरस्कर्ते धरतात. तो गरिबांच्या सोयीचा नाही. रेशन बंद करून रोख देण्याचा प्रस्ताव सीमाभागातील कोणत्याही प्रयोगात असू नये.

रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची, हे सूत्र येथे सर्वांत ठळकपणे सिद्ध होते आणि सर्वांत जास्त मोडलेही जाते. गृहलक्ष्मीचे हप्ते २०२५ च्या सुरुवातीस महिनोन्महिने थकले आणि नंतर काही एकदम जमा झाले. वर्षाच्या बेरजेत त्यामुळे कदाचित मोठा फरक पडत नसेल; घरात मात्र पडतो. बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता सोमवारी द्यायचा असतो, वसुलीवाला दारात येतो, आणि सरकारी पैसा कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. कर्जवसुलीच्या जाचाला कंटाळून झालेल्या आत्महत्यांनंतर कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या जुलमी वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. अशा तक्रारी बेळगाव जिल्ह्यातूनही आल्या होत्या. बेभरवशाचे २००० रुपये कर्जाची गरज संपवत नाहीत. पुष्कळदा ते केवळ एका हप्त्याची सोय करतात. तारखेची खात्री असलेले १००० रुपयेही त्याहून अधिक कामाचे ठरू शकतात, आणि ही गोष्ट प्रयोगाने तपासून पाहता येण्यासारखी आहे.

मूलभूत उत्पन्नावरील आक्षेपांपैकी आळस आणि दारू यांविषयीचे आक्षेप पुराव्याने निकालात निघालेले आहेत, त्यांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. महागाईचा आक्षेप अधिक विचारार्ह होता. पण केनियातील अभ्यासांत पैसा आलेल्या भागात किमती नगण्य वाढल्याचे आढळले. खरा कठीण आक्षेप पैशाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकाची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख होती. तीच धरली तरी गृहलक्ष्मीचे २८,६०८ कोटी रुपये प्रत्येक माणसात वाटल्यास महिना सुमारे ३९० रुपये पडतात. गृहलक्ष्मीसह राज्य सरकारच्या पाचही ‘हमी’ योजनांचे २०२४-२५ चे सुमारे ५२,००० कोटी रुपये वाटले तर महिना ७१० रुपयांच्या आसपास, आणि आजची लोकसंख्या धरली तर दोन्ही आकडे आणखी खाली येतात. ४७ लाख ८० हजार लोकसंख्येच्या बेळगाव जिल्ह्यात माणशी महिना १००० रुपये द्यायचे म्हटले तर वर्षाला ५,७०० कोटींहून अधिक लागतील. राज्याचे महसुली अंदाजपत्रक तुटीत असताना हा बोजा जिल्ह्यापुरताही पेलणारा नाही. म्हणून ‘सार्वत्रिक’ हा शब्द आज राज्यपातळीवर वापरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावाच्या पातळीवर तो तपासून पाहणे मात्र पूर्णपणे शक्य आहे.

दुसरा गंभीर प्रश्न हक्काचा. रोजगार हमी हा कायदा होता. काम दिले नाही तर भत्ता मागता येई, आणि पागे यांनी त्याचसाठी कायद्याचा आग्रह धरला होता. गृहलक्ष्मी आणि लाडकी बहीण या दोन्ही योजना शासन निर्णयांवर उभ्या आहेत. त्यांतून नाव वगळले गेले तर दाद मागायला तहसील आणि बालविकास कार्यालयाच्या पायऱ्याच उरतात. राजस्थानने २०२३ साली किमान उत्पन्न हमीचा कायदा करून सामाजिक सुरक्षा पेन्शनमध्ये दरवर्षी १५ टक्के वाढ बंधनकारक केली होती. कायदा म्हणून त्याची मांडणी दोन्ही शेजारी राज्यांनी अभ्यासावी अशी आहे. सीमाभागात हक्काच्या प्रश्नाला भाषेची जोड मिळते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तेथे शासकीय सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे धोरण सांगते. पण सेवासिंधू या सरकारी पोर्टलवरील अर्ज कन्नड आणि इंग्रजीत भरावे लागतात, आणि मराठी घरातील वयस्क स्त्री ‘ग्राम वन’ या गावातील सेवा केंद्रात बसलेल्या मुलाच्या भरवशावर अंगठा देते. नाव का वगळले हे तिला तिच्या भाषेत कळलेच नाही, तर अट नसलेल्या योजनेलाही एक अदृश्य अट चिकटते.

देवदासी परंपरेतून बाहेर आलेल्या स्त्रियांचा विचारही येथेच करावा लागतो. या परंपरेशी जोडलेले सौंदत्तीचे यल्लम्मा मंदिर बेळगाव जिल्ह्यातच आहे. देवदासी समर्पणबंदीचा कायदा कर्नाटकाने १९८२ साली केला आणि निपाणी हे या स्त्रियांच्या संघटनेचे एक जुने ठिकाण राहिले. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा खान्यांत स्त्रीला बसवणाऱ्या योजनांत या स्त्रियांना प्रत्येक वेळी आपली जागा समजावून सांगावी लागते. ज्या योजनेत व्यक्ती असणे हीच पात्रता, तीत हा अपमान उरत नाही. मूलभूत उत्पन्नाच्या बाजूने मांडले जाणारे बरेचसे मुद्दे कार्यक्षमतेचे असतात. हा मुद्दा सन्मानाचा आहे आणि त्याचे वजन कमी धरू नये.

आजच्या दोन योजनांची तुलना केवळ सीमेच्या दोन बाजूंना पाहून करता येणार नाही. महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती, कर्नाटकात ३४९. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली राज्याच्या बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास आहे. वीज, रेशन, आरोग्य सगळ्यांतच फरक आहे. तेव्हा कागलच्या बाईची स्थिती निपाणीच्या बाईपेक्षा बरी किंवा वाईट दिसली, तरी त्याचे श्रेय १५०० किंवा २००० रुपयांना देता येत नाही. त्यासाठी नीट आखलेली चाचणीच हवी, आणि तिची आखणी फार अवघड नाही. निपाणी आणि चिक्कोडी तालुक्यांतील काही गावे आणि कागल तालुक्यातील काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. निवडलेल्या गावांतील प्रत्येक रहिवाशाला, तो कोणत्याही राज्याचे कार्ड बाळगत असो, प्रौढाला महिना १००० आणि मुलाला ५०० रुपये महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तीन वर्षे द्यावेत. सध्याच्या सर्व योजना आणि रेशन जसेच्या तसे चालू ठेवावे. चार हजार प्रौढ आणि दोन हजार मुले धरली तर खर्च महिना ५० लाख, वर्षाला ६ कोटी आणि तीन वर्षांत १८ कोटी रुपये येतो. एकट्या गृहलक्ष्मीच्या वार्षिक तरतुदीशी तुलना केली तर वर्षाचे ६ कोटी म्हणजे तिचा सुमारे पाच हजारावा भाग.

मोजायचे काय, हा खरा कळीचा भाग आहे. वजन, हजेरी, उष्मांक हे मध्य प्रदेशात मोजून झाले. येथे त्याखेरीज किती कुटुंबांनी हंगामाआधी व्यापाऱ्याची उचल घेतली, वखारीत हजारी आणि रोजंदारीचा दर काय ठरला आणि तो ठरवताना बाईने किती वेळा नाही म्हटले, मायक्रोफायनान्सचे किती नवे गट उभे राहिले आणि किती जुने बंद झाले, सासूच्या खात्यातील पैशाऐवजी सुनेच्या स्वतःच्या खात्यात पैसा आल्याने घरातील कोणता निर्णय बदलला, या गोष्टी मोजल्या गेल्या पाहिजेत, कारण निपाणीची ती दोन्ही आंदोलने ज्या प्रश्नावर उभी राहिली तो प्रश्न याच मोजमापात दडलेला आहे. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी हे काम मिळून करावे, प्रश्नावली कन्नड आणि मराठी दोन्हींत असावी, आणि पाहणी करणारी माणसे शक्यतो त्याच गावांतील शिकलेल्या मुली असाव्यात. पहिली पाहणी ऊसतोड सुरू होण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, पूर्ण झाली पाहिजे. कारखान्यांचे गाळप लागले की अनेक घरे महिनोन्महिने बंद असतात, आणि पाठोपाठ तंबाखूची काढणी व वखारींचा हंगाम आला की वखारीतल्या बाईला घरी गाठता येते ते फक्त रात्री.